हंसाच्या पेटीचं झाकण

बोईसरच्या कारखान्यांच्या रस्त्यावर हंसा दुपारी पेटी घेऊन बसायची आणि तिचा सगळा व्यवहार एका वाक्यापाशी अडायचा: "झाकण लावा हो दादा." येणारा कामगार झाकण उचलायचा, पापलेटाचा डोळा बघायचा, कल्ला उघडून लाल रंग बघायचा आणि झाकण हातात धरूनच विचार करत उभा राहायचा. तोवर मागून दुसरा वाकलेला असायचा. पेटीतला बर्फ आधी भुसभुशीत व्हायचा, मग त्याचं पाणी. पाचच्या भोंग्याला जनरल शिफ्ट सुटते आणि खरं गिऱ्हाईक तेव्हा येतं, कारण ते घरी निघालेलं असतं. त्या वेळी हंसाची पापलेटं कोमट पाण्यात तरंगत असायची.

मी त्या वर्षी, म्हणजे १९८६ साली, पालघरच्या कॉलेजातून भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले होते आणि नरहरीकाकांच्या कारखान्यात लागले होते. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराचे दोन गाळे. स्कूटरच्या दिव्यात जी वाटी असते, तिला आतून ॲल्युमिनियमचा चकचकीत थर देण्याचं काम तिथे चाले. नरहरीकाका आमच्याच चिंचणीचे. चिकूची वाडी भावाच्या हवाली करून ते या धंद्यात शिरले होते, आणि वाडीतल्या झाडांबद्दल लोक बोलतात तसं आपल्या व्हॅक्यूम पंपाबद्दल बोलायचे. आमच्या फाटकाबाहेर गुलमोहर होता आणि त्याच्या सावलीत हंसा बसायची. त्यामुळे ओळख झाली.

ती माहेरची नवापूरची, मुरब्याला दिलेली. नवरा नामदेव बोटीवर जायचा. सासू काशीबाई बोईसरच्या बाजारात सकाळी मासे विकायच्या. त्यांची तिथली बसायची जागा त्यांच्या सासूकडून आलेली होती आणि पुढे थोरल्या सुनेला, जमनाला मिळणार होती. घरात तसं ठरलेलंच होतं. धाकटीच्या वाट्याला बोंबील वाळवायचं काम. समुद्राकाठी बांबू उभे करून त्यांवर जोडीजोडीने बोंबील टांगायचे, उलटायचे, संध्याकाळी उतरवायचे. कामाला हंसाची ना नव्हती, पण तिचं एक म्हणणं होतं.

"दिवसभर बोंबलांशी काय बोलायचं, सुलूबाय? त्यांचं तोंड उघडंच असतं, पण बोलतो का एक तरी?"

तिला माणसांत बसून विकायचं होतं. बाजारात जागा नाही, तर जिथे कुणाचीच जागा नाही अशी वेळ शोधायची, असं तिने काढलं. सकाळी बोईसरला सगळ्याच बायका असतात. संध्याकाळी, कामगार सुटतात तेव्हा, कुणीच नसते. गावातला टेम्पो बोटींसाठी बर्फ आणायला दुपारी रिकामाच बोईसरला जायचा. त्यात पेटी ठेवून ती येऊ लागली. काशीबाईंनी तिला अडवलं नाही, पण होळीपर्यंतची मुदत घातली. तोवर जमलं तर ठीक, नाहीतर होळीनंतर बोंबलांकडे परत. आणि पापलेटं रोज पाण्यात पोहत होती.

एके दिवशी ती फाटकातून आत आली. आमच्या वाट्या कशा चमकतात ते बघायचं निमित्त होतं. सगळं बघून झाल्यावर तिने नरहरीकाकांना विचारलं, शेठ, तुमी काचेवर एवढं काय काय लावता, तर मला असं झाकण करून द्या की आतलं दिसेल, पण बाहेरची गरमी आत नाय जाणार.

काका हसले. असं झाकण असतं तर आपण आधी घरच्या फडताळाला लावलं असतं, म्हणजे मांजरीला दूध दिसलं असतं आणि प्यायला मिळालं नसतं, असं काहीतरी ते म्हणाले. हंसाही हसली. मला मात्र हसता आलं नाही, कारण तिने जे मागितलं होतं त्याचं वर्णन मी वाचलं होतं. कॉलेजच्या वाचनालयात परदेशी नियतकालिकांचे जुने अंक धूळ खात पडलेले असत. त्यातल्या एकात थंड देशांतल्या खिडक्यांवर लेख होता. तिथे लोकांना घरातली ऊब बाहेर जाऊ द्यायची नसते आणि उजेड मात्र आत हवा असतो. त्यासाठी खिडकीला दोन काचा लावतात, मध्ये थोडी हवा ठेवतात, आणि एका काचेवर आतल्या बाजूने चांदीचा इतका पातळ थर देतात की तो दिसतही नाही. हंसाचं दुखणं तेच होतं, फक्त उलटं. तिला ऊब बाहेरच ठेवायची होती.

हंसा गेल्यावर मी काकांना हे सांगितलं. काकांनी विचारलं, दोन काचा समजल्या, मधली हवा समजली, पण ही चांदी कशाला?

मी खडूने जमिनीवर पेटी काढली. झाकणाची वरची काच गरम, खालची गार. गार हवा जड असते, ती खालीच पडून राहते, त्यामुळे दोन काचांमधली हवा फिरत नाही. आणि न फिरणारी हवा उष्णता फार हळू पुढे नेते. म्हणजे हवेची वाट जवळजवळ बंद. तरीही बर्फ वितळतो, कारण एक वाट उघडीच असते. प्रत्येक गरम वस्तू न दिसणारे किरण सोडत असते. आपलं अंग सोडतं, भिंत सोडते, गरम झालेला पत्रा सोडतो. डोळ्याला काच आरपार असते, पण या किरणांना ती काळ्या फळ्यासारखी असते. ती ते पिऊन टाकते, स्वतः तापते आणि दुसऱ्या अंगाने तितक्याच सढळ हाताने पुढे सोडते. वरची काच खालचीला देते, खालची बर्फाला. दोन साध्या काचांमधून जी उष्णता खाली जाते, तिच्यातली निम्म्याहून जास्त या वाटेने जाते.

"आणि चांदी?"

"चांदी कंजूष आहे," मी म्हणाले. "ती हे किरण घेत नाही, आले तसे परत पाठवते. आणि स्वतः कितीही तापली तरी सोडत नाही."

काकांनी वाकून खडूची पेटी निरखली. मग त्यांनी चप्पल काढली आणि पंपाच्या खोलीत गेले. काम मनावर घेतलं की ते चप्पल काढायचे.

आमच्या यंत्रात एक जाड काचेची घंटा होती, पातेलं पालथं घालावं तशी बैठकीवर बसवलेली. तिच्यातली हवा पंप जवळजवळ संपूर्ण ओढून घ्यायचा. आत टंगस्टनच्या पन्हाळीत धातूचा मणी ठेवायचा, पन्हाळीतून वीज सोडायची, मणी वितळून त्याची वाफ व्हायची. वाटेत हवा नसल्यामुळे ती वाफ सरळ रेषेत निघून समोरच्या काचेवर जाऊन बसायची. घंटेत जेमतेम फूटभर लांबरुंद काच मावत होती. म्हणून झाकणाला एक मोठी खिडकी न ठेवता शेजारीशेजारी दोन लहान ठेवायच्या ठरल्या. मुलामा दिलेल्या काचा लागणार होत्या दोन.

पहिली काच आरसा झाली. चांदी जास्त बसली होती. तिच्यात काकांनी भांग पाडला. पुढची तपकिरी आली, मळकट चहासारखी; चांदी फार हळू बसली की तिचे सलग पापुद्रे न होता थेंब होतात, हे आम्हाला तेव्हा कळलं. मग मी लेखातली दुसरी गोष्ट आठवून सांगितली. चांदी एकटी उघडी ठेवायची नाही. तिच्या खाली आणि वर झिंक सल्फाइडचा थर द्यायचा. त्यामुळे चांदीवरून परत फिरणारा उजेड आरपार जाऊ लागतो; कॅमेऱ्याच्या भिंगावर असाच थर असतो. काकांनी ओळखीच्या एका रसायनांच्या कारखान्यातून पुडी मिळवली. घंटा उघडल्यावर सडक्या अंड्याचा वास सुटला आणि शेजारच्या गाळ्यातले लोक नाकाला रुमाल लावून विचारायला आले.

चांदी किती बसली ते मी मल्टिमीटरने ओळखत होते. काचेच्या एका पट्टीला दोन तारा जोडलेल्या होत्या. चांदी सलग झाली की वीज जाऊ लागे आणि काटा हलायला सुरुवात होई. तो ठरलेल्या जागी आला की मी हात वर करायची आणि काका बटण बंद करायचे. केसाच्या जाडीचे पाच-सहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढी चांदी. तोलायला गेलं तर आमच्या तराजूला तिचा पत्ताही लागला नसता.

जमलेली काच मी उजेडाकडे धरली. आरपार दिसत होतं. फाटक, गुलमोहर, रस्त्यावरची रिक्षा, सगळे रंग जागच्या जागी. तिरकी केली की मात्र तिच्यावर जांभळी-हिरवी छटा फिरायची. काकांनी ती माझ्या हातून घेतली आणि मुलाम्याची बाजू गालाजवळ धरली, गालाला न टेकवता. मग माझ्या गालाजवळ धरली. गालाला हलकी ऊब लागली, कुणी हात जवळ आणावा तशी. साधी काच धरून पाहिली, ऊब नाही. दोन्ही काचा टेबलावर बराच वेळ पडलेल्या, सारख्याच गार. ती ऊब माझ्याच गालाची होती. जी नेहमी निघून जाते आणि आपल्याला कळतही नाही, ती त्या न दिसणाऱ्या चांदीने परत पाठवली होती. लेखात मी आकडे वाचले होते, पण असं गालाला कळणं वेगळं. मी ती काच पुन्हा पुन्हा धरून बघत राहिले. शेवटी काका म्हणाले, "दे आता. झिजेल."

दुसरीही तशीच जमली. त्या दोन काचा वर्तमानपत्रात गुंडाळून, काकांनी स्वतः स्टेशनरोडवरून आणलेल्या दोन साध्या काचांबरोबर हंसाच्या हवाली केल्या. चांदीच्या बाजूला बोट लावू नको, घासू नको, ओलं करू नको आणि विश्रामला बसवताना ती बाजू आतल्या पोकळीकडे ठेवायला सांग, असं मी तिला नीट समजावलं. विश्राम हा मुरब्याचा होड्या दुरुस्त करणारा सुतार. त्याने पेटीला आतून थर्माकोल लावला होता, मध्ये फळी घालून दोन खण केले होते आणि प्रत्येक खणावर स्वतंत्र उघडणारं झाकण, त्यात खिडकी. होडीच्या फळ्यांमधल्या फटी कापूस आणि राळ भरून बुजवतात, तशाच खिडक्यांच्या कडा बुजवायच्या होत्या, म्हणजे दोन काचांमध्ये दमट हवा शिरणार नाही.

होळी जवळ आली होती. रविवारी मी एसटीने मुरब्याला हंसाच्या घरी गेले. विश्राम ओट्यावर लाकडी पट्ट्या तासत होता. हंसा बंदरावर बोटीला गेली होती. काशीबाई मागच्या अंगणात दगडावर बसल्या होत्या. ठेंगण्या, साडी घट्ट नेसलेल्या, केसांत फूल. त्यांच्या एका हातात काच होती, दुसऱ्या हातात नारळाचा काथ्या, आणि शेजारी चुलीतल्या राखेचं ताट.

त्यांनी मला पाहिलं आणि काच माझ्यासमोर उजेडात धरली.

"बघ. आता कशी निघाली."

ती खरोखरच फार स्वच्छ निघाली होती. मी ती तिरकी करून पाहिली. जांभळं गेलं होतं, हिरवंही गेलं होतं. राहिली होती निव्वळ काच. दुसरी काच पाण्याच्या बादलीशेजारी टेकवून ठेवलेली होती, तिची पाळी यायची होती. मी आधी ती उचलली.

"हंसाने सांगितलं नव्हतं का, हात लावू नका म्हणून?"

"सांगितलं ना. पण तिला दिसलं नसंल, तेल लागलेलं होतं काचेला. डिजल." त्या राखेचे हात पुसत म्हणाल्या. "बंदरात पाण्यावर येतं ना, जांभळं-हिरवं, तसं चमकत होतं. डिजलचा वास लागला की मासा मेला समज. कुत्रं नाय खात. आमच्याकडं नवीन भांडं, पाटी, कायपण असो, राखेनं घासल्याशिवाय त्यात मासा नाय पडत."

मी तिथेच अंगणात खाली बसले. त्या जे म्हणत होत्या त्यात चूक काढता येत नव्हती. पाण्यावरच्या डिझेलच्या तवंगाला जे रंग येतात तेच माझ्या काचेला आले होते, आणि कारणही एकच होतं: थर उजेडाच्या लहरींइतका पातळ झाला की असे रंग दिसतात. आयुष्यभर ज्या रंगापासून मासा जपला, तो रंग माशांच्या पेटीवर दिसल्यावर त्यांनी दुसरं काय करायचं?

हंसा आली. काच पाहून तिने एकदा सासूकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मी तिला म्हणाले की आमच्या घंटेत आता वाट्यांची मोठी ऑर्डर चालू आहे, होळी होईपर्यंत काकांना पंप मोकळा करता येणार नाही. होळीनंतर नवी काच करून देऊ, तोवर थांब.

"होळीनंतर मी कुठं असणार, सुलूबाय?" ती हळू आवाजात म्हणाली. "तिकडं," आणि तिने मानेने समुद्राकाठच्या बांबूंकडे दाखवलं. मग ती विश्रामकडे वळली. "दोनी बसव, विश्रामदादा. हाय ती चांगली, नाय ती साधी. उद्या जाणार मी."

विश्रामने दोन्ही खिडक्या बसवल्या. प्रत्येक पोकळीच्या कोपऱ्यात मी कारखान्यातून आणलेले सिलिका जेलचे निळे दाणे ठेवले. दमट हवा शिरली तर ते गुलाबी होतात. आता दोन्ही खण सारखे, बर्फ सारखा, दोन्ही खिडक्यांना दोन-दोन काचा. फरक एवढाच की एकीत डोळ्याला न दिसणारी चांदी होती आणि दुसरीतली राखेबरोबर अंगणात गेली होती.

दुसऱ्या दिवशी टेम्पोतून हंसाच्या मागोमाग काशीबाईही उतरल्या. होळीच्या आधी एकदा डोळ्यांनी बघून घेऊ म्हणून त्या आल्या होत्या. सकाळी बाजार करून झालेला, तरी डोक्यावरचं फूल ताजं होतं. गुलमोहराच्या बुंध्याशी त्या पदर खोचून बसल्या आणि सुनेकडे बघत राहिल्या. दुपारचे मोजके लोक आले, काचेतून बघून गेले. काचेतून मासे बघायची कुणाला सवय नव्हती. एकाने तर पेटीवर वाकून विचारलं, अंदर फिल्म चालू आहे का? हंसा म्हणाली, हो, तिकीट काढ आणि घरी घेऊन जा. तो काही घेऊन गेला नाही.

मार्चमधली समुद्रावरची हवा दमट असते. चारच्या सुमाराला घासलेली खिडकी धुरकट होऊ लागली. वरच्या काचेवर बाहेरून बारीक दव जमत होतं. बर्फाचा गारवा तिच्यापर्यंत पोहोचत होता, म्हणजे तिची ऊब बर्फापर्यंत पोहोचत होती. दोन्ही एकच गोष्ट. हंसाने फडक्याने पुसलं. जरा वेळाने पुन्हा धुरकट. शेजारची खिडकी मात्र लख्ख कोरडी. तिच्याखाली पापलेटं बर्फात रुतलेली, त्यांचे खवले आणि डोळे दिसत होते. मी आतापर्यंत हा फरक कागदावर मांडला होता. इथे तो दोन खिडक्यांत शेजारीशेजारी मांडलेला होता, आणि रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही वाचता येण्यासारखा. मला तिथून हलवेना. काकाही हात पुसत फाटकात येऊन उभे राहिले होते.

पाचचा भोंगा झाला. रस्ता माणसांनी भरला. काहीजण पेटीपाशी थबकले. त्यांतला एक उंच, उत्तर भारतीय कामगार धुरकट खिडकीवर वाकला आणि हसत म्हणाला, "इसमें क्या छुपा रखा है, मौसी? बासी माल?"

मागचे हसले. हंसा काही बोलणार इतक्यात झाडाखालून काशीबाई उठल्या. त्यांच्या मालाला बासी म्हटलेलं त्यांनी बाजारात कधी ऐकून घेतलं नव्हतं. पुढे येऊन त्यांनी घासलेल्या खिडकीचं झाकण उघडलं, आत हात घातला, दोन पापलेटं काढली आणि त्या माणसाच्या नाकासमोर धरली. मग शेजारचं झाकण उचलून ती तिकडच्या बर्फावर ठेवली, झाकण लावलं आणि म्हणाल्या, "अब देख. अच्छा देख."

तो वाकला. लख्ख खिडकीतून त्याने निवांत पाहिलं. झाकण कुणी उचलायला नको होतं, मागच्यांनाही एकाच वेळी दिसत होतं. त्याने कल्ला दाखवायला सांगितलं. हंसाने आत हात घालून मासा तिथल्या तिथे उलटा केला, झाकण पुन्हा लावलं. त्याने दोन्ही घेतली. मग त्याच्या मागचा सरकला. हंसा विकत होती, बोलत होती, कुणाला भाऊ म्हणत होती, कुणाच्या बायकोला ओळखत असल्यासारखी तिच्यासाठी निवडून देत होती. काशीबाई धुरकट खणातून मासे काढून स्वच्छ खणात ठेवत होत्या. सगळी पेटी त्या एका खिडकीतून विकली गेली. मी हंसाला इतकी बोलताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

गर्दी सरल्यावर काशीबाईंनी दोन्ही झाकणं उघडली आणि दोन्ही खणांत एकेक हात घातला. एका खणात बराचसा बर्फ होता, कडा अजून टोकदार. दुसऱ्यात पाणी, त्यात बर्फाचे तुकडे. बर्फवाल्या खणाचं झाकण तर विकताना जास्तच वेळा उघडलं होतं, आणि तेही मी त्यांना सांगितलं. हात तसेच ठेवून त्यांनी विचारलं, "ते डिजल नव्हतं?"

"नव्हतं. चांदी होती."

"चांदी," त्या म्हणाल्या. हात बाहेर काढून त्यांनी पदराला पुसले. "आन तुमी मला सांगताय हात लावू नका म्हणून. चांदी हाय असं सांगितलं असतं, तर मी आणखी जोरात घासली असती. चांदी राखेनंच घासतात."

नरहरीकाका फाटकात मोठ्याने हसले. हंसा तोंडावर हात धरून उभी होती, सासूसमोर हसावं की नाही याचा अंदाज घेत. काशीबाई तिच्याकडे वळल्या.

"होळीनंतर बोंबलांकडं जमनाला लावते. सकाळचा बाजार झाला की मी पण असते तिच्याबरोबर." मग जरा थांबून, "तू पाचचा भोंगा सोडू नको."

होळी झाली आणि पंप मोकळा झाला. काच न्यायला हंसा येईल असं मला वाटलं होतं. आल्या काशीबाई, बाजार आटोपून. घंटेत काच ठेवली होती. हवा ओढली जात होती तोवर त्या स्टुलावर बसून घंटेकडे बघत राहिल्या. मणी लाल झाला, पांढरा झाला, दिसेनासा झाला. त्यांनी विचारलं, गेली कुठं? मी काचेकडे बोट दाखवलं. त्या घंटेजवळ वाकून म्हणाल्या, एवढीशी चांदी एवढा बर्फ राखते? मी हो म्हटलं. घंटा उघडल्यावर त्यांनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या, हा वास मात्र आधी जाऊ दे, मग पेटीला लाव.

वास गेला. मी काच त्यांच्या हातात देण्याआधी त्या बाहेर नळावर जाऊन साबणाने हात धुवून आल्या, कोपरापर्यंत, आणि कोरडे करून आल्या. काच त्यांनी कडांनी धरली. चांदीची बाजू कुठली ते विचारून घेतलं आणि तिरकी करून जांभळा रंग पाहिला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. तो रंग त्यांना अजूनही आवडत नव्हता.

"कुंकू हाय का तुमच्याकडं?" त्यांनी काकांना विचारलं. यंत्राच्या बाजूला काकांचा देव होता, तिथे करंडा होता. "या बाजूला लाव," त्या मला म्हणाल्या. "घरात जमना हाय, नामदेवची आत्या येते-जाते, कोण ना कोण काथ्या घेऊन बसंल. चांदी म्हटलं तर घासतील, तेल म्हटलं तर घासतील. कुंकू लावलेल्याला आमच्याकडं कोण राख लावत नाय."

मी करंडा हातात घेऊन विचार केला. ओलं कुंकू चांदीवर टिकणार नव्हतं, किंवा कुंकवाखाली चांदी टिकणार नव्हती. पण त्या म्हणत होत्या ते बरोबर होतं. मी बोट कुंकवात बुडवलं, काचेची एक कड शोधली, जी विश्रामच्या लाकडी पट्टीखाली जाणार होती, आणि अगदी तिथे, चांदीच्या बाजूला, कोरड्या कुंकवाचा एक ठिपका ठेवला. काशीबाईंनी तो वाकून पाहिला. आणखी मोठा हवा, म्हणाल्या. मी मोठा केला.